शेतातील वायरलेस सेन्सर नेमका कुठे आहे? नोडची जागा निश्चित करण्याच्या पद्धती आणि घ्यावयाची काळजी

द्राक्ष, डाळिंब, ऊस, भाजीपाला अशा पिकांत जमिनीतील ओलावा, तापमान, आर्द्रता आणि पानांवरील ओल मोजणारे वायरलेस सेन्सर आता अनेक शेतकरी वापरू लागले आहेत. सेन्सर घेताना त्याची किंमत, बॅटरी किती दिवस चालते आणि रेंज किती मिळते याची चौकशी होते. मोबाईलवर दिसणारा आकडा शेतातील नेमक्या कोणत्या जागेचा आहे, हा प्रश्न मात्र फारसा विचारला जात नाही. पाणी कोणत्या व्हॉल्व्हला द्यायचे, फवारणी कोणत्या भागात आधी घ्यायची हे सर्व निर्णय त्या जागेवर अवलंबून असतात. म्हणून नोडची जागा कशी ठरवली जाते, त्यात चूक किती होऊ शकते आणि आपल्या शेतासाठी कोणती पद्धत पुरेशी आहे, हे समजून घ्यावे.

जागा चुकली तर काय होते?

नाशिक जिल्ह्यातील एका द्राक्ष बागेत मी सल्ल्यासाठी जात होतो. बागेचा वरचा भाग मुरमाड, तर खालचा भाग भारी काळ्या जमिनीचा. दोन्ही भागांना वेगळे व्हॉल्व्ह आणि प्रत्येक भागात एक ओलावा सेन्सर बसवलेला होता. ऑक्टोबर छाटणीपूर्वी बोद फोडून शेणखत टाकायचे होते, म्हणून दोन्ही नोड काढून शेडमध्ये ठेवले गेले. काम संपल्यावर मजुरांनी ते परत बसवले, पण वरचा खाली आणि खालचा वर. दोन्ही डबे दिसायला सारखेच होते. जागा बदलल्याचे कोणाच्या लक्षात आले नाही, माझ्याही नाही.

परतीचा पाऊस असेपर्यंत दोन्ही भाग ओले होते, त्यामुळे चूक दिसली नाही. पाऊस थांबल्यावर मात्र मोबाईलवर ‘मुरमाड भाग’ या नावासमोर ३४ टक्के ओलावा आणि ‘काळी जमीन’ या नावासमोर त्याच्या जेमतेम निम्मा ओलावा दिसू लागला. आकडे पाहून मी फोनवर वरचे पाणी थांबवायला आणि खालचे वाढवायला सांगितले. मणी सेटिंगच्या काळात वरच्या वेलींचे शेंडे दुपारी मलूल होऊ लागले, तर खालच्या भागात बोद चिखलासारखा झाला. शेवटी बागेत जाऊन दोन्हीकडची माती मुठीत दाबून पाहिली, तेव्हा उलगडा झाला. मुरमाड मातीचा गोळाच होत नव्हता. वरच्या भागात त्या हंगामात मण्यांची फुगवण कमी राहिली.

दोन्ही सेन्सर बरोबर मोजत होते. चूक फक्त जागेच्या नोंदीत होती. माझीही चूक होतीच. पाणी देऊन दोन दिवस झाल्यावर मुरमाड जमिनीत ३४ टक्के ओलावा टिकत नाही, हे माहीत असूनही मी आकड्यावर विश्वास ठेवला.

नोड, गेटवे आणि खुणेचा नोड

सेन्सर, छोटा रेडिओ आणि बॅटरी असलेल्या डब्याला नोड म्हणतात. शेतातील सर्व नोड आपली माहिती गेटवेकडे पाठवतात आणि गेटवे ती इंटरनेटद्वारे मोबाईलपर्यंत पोचवतो. नोड माहितीसोबत आपला क्रमांक पाठवतो. ‘क्रमांक ७ म्हणजे वरचा मुरमाड भाग’ ही जोडणी बहुतेक वेळा माणसानेच ॲपमध्ये भरलेली असते. नोड उचलून दुसरीकडे ठेवला तरी त्याचा क्रमांक तोच राहतो आणि ॲपमधील नावही बदलत नाही.

ज्या नोडची जागा आधीच पक्की मोजलेली असते, त्याला अँकर म्हणजेच खुणेचा नोड म्हणतात. विहिरीचा काठ, शेडचा कोपरा, विजेचा खांब या न हलणाऱ्या जागी असे नोड बसवतात. इतर नोडची जागा या खुणांच्या आधारे काढली जाते. जमिनीची मोजणी करताना हद्दीच्या दगडापासून मापे घेतात, तसेच हे आहे.

किती अचूकता हवी, हे आधी ठरवा

जागेची अचूकता ही आपण घेणार असलेल्या निर्णयावरून ठरवावी.

- कोणता व्हॉल्व्ह उघडायचा एवढेच ठरवायचे असेल, तर नोड कोणत्या प्लॉटमध्ये आहे हे कळणे पुरेसे आहे. १० ते २० मीटरची चूकही चालू शकते, मात्र नोड प्लॉटच्या हद्दीजवळ नसावा.
- कोणत्या ओळीत रोग किंवा ताण सुरू झाला हे पाहायचे असेल, तर चूक ओळींतील अंतरापेक्षा कमी हवी. द्राक्षात ओळींतील अंतर ९ फूट, म्हणजे सुमारे २.७ मीटर असेल, तर ५ मीटरच्या चुकीत जवळजवळ दोन ओळी बदलतात.
- ओलाव्याचा आकडा समजून घेण्यासाठी सेन्सर ड्रीपरपासून किती अंतरावर आणि किती खोल आहे हे कळावे लागते. येथे १५ सेंटिमीटरचा फरकही महत्त्वाचा ठरतो. ड्रीपरखालची माती ओली आणि हातभर अंतरावरची कोरडी असू शकते.

यातील तिसऱ्या प्रकारची अचूकता शेतात सहसा वापरल्या जाणाऱ्या रेडिओंना देता येत नाही. ती टेप आणि नोंदवहीनेच मिळते.

पद्धत १ : खुणांपासून टेपने मोजणे

नोड एकाच जागी राहणार असेल, तर ही सर्वांत स्वस्त आणि खात्रीची पद्धत आहे. तीन पक्क्या खुणांपासून नोडपर्यंतचे अंतर मोजावे.

समजा, विहीर ही पहिली खूण. तिच्या पूर्वेला बरोबर १०० मीटरवर शेडचा कोपरा आणि उत्तरेला १०० मीटरवर विजेचा खांब आहे. नोड विहिरीपासून ५० मीटर, शेडपासून ६७ मीटर आणि खांबापासून ८१ मीटर अंतरावर आहे. कागदावर प्रमाण धरून प्रत्येक खुणेभोवती तेवढ्या त्रिज्येचे वर्तुळ कंपासने काढले, तर तिन्ही वर्तुळे जवळपास एका बिंदूत मिळतात. तो बिंदू विहिरीच्या पूर्वेला सुमारे ४० मीटर आणि उत्तरेला सुमारे ३० मीटर येतो. नोडची जागा तीच.

दोनच खुणा घेतल्या तर वर्तुळे दोन ठिकाणी छेदतात आणि नोड रेषेच्या या बाजूला की त्या बाजूला, हे कळत नाही. तिन्ही खुणा एकाच बांधावर सरळ रेषेत घेतल्या तरी हीच अडचण राहते. म्हणून खुणा त्रिकोणात असाव्यात आणि शक्यतो नोड त्या त्रिकोणाच्या आत यावा. नोड स्वतःहून जागा शोधतात तेव्हाही गणित हेच असते. फक्त अंतर टेपऐवजी रेडिओने मोजले जाते.

फळबागेत यापेक्षाही सोपी नोंद करता येते. ‘व्हॉल्व्ह २, पूर्वेकडून ओळ १४, रस्त्याकडून वेल २३’ असे लिहिले की कोणीही त्या वेलीपाशी जाऊन उभा राहू शकतो.

पद्धत २ : मोबाईलचा जीपीएस

मोकळ्या आकाशाखाली चांगल्या मोबाईलचा जीपीएस साधारण ५ मीटरच्या आत जागा दाखवतो. दाट मांडवाखाली, झाडांखाली किंवा शेडजवळ चूक वाढते. ५ मीटर त्रिज्येच्या वर्तुळाचे क्षेत्र सुमारे ७८ चौरस मीटर भरते, म्हणजे पाऊण गुंठ्याहून थोडे जास्त. मोबाईल ‘नोड येथे आहे’ असे दाखवतो, तेव्हा तो एवढ्या भागात कुठेतरी आहे असे समजावे. प्लॉट ओळखण्यासाठी हे पुरेसे आहे, ओळ ओळखण्यासाठी नाही.

जीपीएसचे आकडे लिहून घेताना दोन चुका नेहमी होतात.

- दशांश कमी लिहिणे : अक्षांशाचा १ अंश म्हणजे सुमारे १११ किलोमीटर. त्यामुळे दशांशाचे तीन अंक लिहिले तर बारकावा १११ मीटरपर्यंतच राहतो. चार अंकांनी तो ११ मीटर आणि पाच अंकांनी सुमारे १ मीटर होतो. किमान पाच अंक लिहावेत.
- मिनिट-सेकंद आणि दशांश यांची गल्लत : २० अंश ५ मिनिटे ३० सेकंद म्हणजे २०.०९१६७ अंश. काही जण ते २०.०५३० असे भरतात. या एका चुकीने नोड नकाशावर चार किलोमीटरहून अधिक दूर, दुसऱ्याच गावात जातो.

आरटीके प्रकारच्या जीपीएसने काही सेंटिमीटरपर्यंत अचूक जागा मिळते. ओळीनुसार नकाशा करायचा असल्यास अशा उपकरणाने एकदाच सर्व नोडची मोजणी करून घ्यावी. प्रत्येक नोडमध्ये जीपीएस बसवण्याची गरज नसते. त्याने नोडची किंमत आणि बॅटरीचा खर्च वाढतो. शिवाय जमिनीत पुरलेल्या नोडला उपग्रहांचे संकेत मिळत नाहीत.

पद्धत ३ : सिग्नलच्या ताकदीवरून अंतर काढणे

नोड दूर गेला की त्याचा सिग्नल क्षीण होतो. या क्षीणतेवरून अंतराचा अंदाज घेता येतो. यासाठी वेगळे उपकरण लागत नाही, कारण जवळजवळ प्रत्येक रेडिओ सिग्नलची ताकद मोजतोच. ताकद डेसिबलमध्ये सांगितली जाते.

अडथळा नसलेल्या मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झाले की ताकद ६ डेसिबलने कमी होते. पिकातून जाताना तेवढ्याच अंतरासाठी घट ९ ते १२ डेसिबल होऊ शकते. पाने, ओलांडे, लोखंडी अँगल, तारा आणि जमिनीपासून अँटेनाची उंची या सर्वांचा त्यावर परिणाम होतो. पानांतील पाणी रेडिओ लहरी शोषते. २.४ गिगाहर्ट्झच्या लहरींना याचा त्रास जास्त होतो. भारतात परवान्याशिवाय वापरता येणाऱ्या ८६५ ते ८६७ मेगाहर्ट्झ पट्ट्यातील लोरासारखे रेडिओ पिकातून तुलनेने चांगले पोचतात.

या पद्धतीतील चूक किती मोठी असते, हे वरच्याच उदाहरणात पाहू. नोड विहिरीपासून खरोखर ५० मीटरवर आहे. मधल्या दाट पालवीमुळे सिग्नल अपेक्षेपेक्षा ६ डेसिबलने कमी मिळाला. अंतर दुप्पट झाल्यास ९ डेसिबल घट होते असे धरलेले असेल, तर गणितातून ५० ऐवजी सुमारे ७९ मीटर अंतर येते. बाकीची दोन अंतरे बरोबर असूनही नोडची जागा खऱ्या जागेपासून सुमारे २६ मीटर सरकते. लहान प्लॉटमध्ये एवढ्या फरकाने व्हॉल्व्हच बदलू शकतो.

नेदरलँड्समध्ये २००५ च्या सुमारास बटाट्यावरील उशिरा येणाऱ्या करप्यासाठी शेतातील सूक्ष्म हवामान मोजण्याचा ‘लोफार ॲग्रो’ नावाचा प्रयोग झाला. त्यासाठी सुमारे शंभर वायरलेस नोडचे जाळे आखले होते. तेथील मोजणीत पीक वाढून फुलोऱ्यात आल्यावर रेडिओचा पल्ला बराच घटल्याचे दिसले. रात्रीच्या दमट हवेत सिग्नल उलट चांगला मिळाला. नोड जागचा हलला नाही, तरी पिकाची अवस्था आणि दिवसाची वेळ बदलली की सिग्नलवरून काढलेले अंतर बदलते, हे यातून लक्षात घ्यावे. आपल्याकडे खरड छाटणीनंतर उघडी पडलेली बाग आणि भर पालवीतील बाग यांत असाच फरक पडतो.

म्हणून ही पद्धत वापरायचीच असेल तर आपल्या बागेत १०, २० आणि ४० मीटरवर नोड ठेवून सिग्नलची ताकद नोंदवावी. पालवी भरल्यावर हीच मोजणी पुन्हा करावी. दुसऱ्या पिकातील किंवा कंपनीच्या माहितीपत्रकातील आकडे जसेच्या तसे धरू नयेत.

पद्धत ४ : लागणाऱ्या वेळेवरून अंतर काढणे

रेडिओ लहर सेकंदाला सुमारे ३ लाख किलोमीटर जाते. एका नॅनोसेकंदात, म्हणजे सेकंदाच्या अब्जाव्या भागात, ती ३० सेंटिमीटर पुढे जाते. वेळ मोजण्यात १० नॅनोसेकंदांची चूक झाली तर अंतरात ३ मीटरची चूक येते. एक मायक्रोसेकंद चुकला तर ३०० मीटर. साध्या नोडमधील घड्याळे एवढी अचूक नसतात. लोरा गेटवेच्या वेळेवरून काढलेली जागा अनेकदा दहा-वीस मीटरपासून शंभरेक मीटरपर्यंत चुकू शकते. एक-दोन एकरांच्या प्लॉटसाठी ती उपयोगाची नाही. अल्ट्रा वाइडबँड प्रकारचे रेडिओ काही सेंटिमीटरपर्यंत अचूकता देतात, पण त्यांचा पल्ला कमी असतो. पॉलिहाउस किंवा गोठ्यासारख्या मर्यादित जागेत ते योग्य ठरतात.

काही प्रणालींत रेडिओ आणि श्राव्यातीत ध्वनी एकत्र वापरतात. विजेचा लखलखाट आणि गडगडाट यांतील वेळेवरून वीज किती लांब पडली याचा आपण अंदाज घेतो, तेच तत्त्व येथे आहे. ध्वनीचा वेग २० अंश सेल्सिअसला सेकंदाला सुमारे ३४३ मीटर असतो आणि दर अंशाला सुमारे ०.६ मीटरने वाढतो. १० अंशांची पहाट आणि ४० अंशांची दुपार यांत वेगात सुमारे ५ टक्के फरक पडतो. त्यामुळे तापमानानुसार दुरुस्ती करावी लागते.

पद्धत ५ : टप्पे मोजणे

मोठ्या क्षेत्रात प्रत्येक नोड गेटवेशी थेट बोलत नाही. एक नोड शेजारच्याला, तो पुढच्याला असा निरोप जातो. दोन अँकरमधील खरे अंतर २०० मीटर असेल आणि निरोप ५ टप्प्यांत पोचत असेल, तर एक टप्पा सरासरी ४० मीटरचा धरतात. एखादा नोड पहिल्या अँकरपासून ३ टप्प्यांवर असेल तर त्याचे अंतर सुमारे १२० मीटर. अशी किमान तीन अँकरपासूनची अंतरे मिळाली की वर्तुळांच्या गणिताने जागा काढता येते.

नोड सर्वत्र सारख्या अंतरावर असतील तर हा अंदाज बऱ्यापैकी येतो. मध्ये ओढा, घर किंवा मोकळे पडीक रान असेल तर निरोप वळसा घालून जातो, टप्पे वाढतात आणि अंतर जास्त दिसते. साखर कारखान्याच्या किंवा पाणी वापर संस्थेच्या पातळीवरील मोठ्या जाळ्यासाठी ही पद्धत विचारात घ्यावी. वैयक्तिक शेतात तिची गरज पडत नाही.

कोणती पद्धत केव्हा वापरावी?

- एका शेतातील स्थिर नोड : ओळ-वेल क्रमांक, टेपने माप आणि मोबाईल जीपीएस. खर्च जवळपास नाही.
- ओळीनुसार नकाशा किंवा संशोधन प्रक्षेत्र : आरटीके जीपीएसने एकदाच मोजणी.
- पॉलिहाउसमध्ये हलणारी ट्रॉली किंवा यंत्र : अल्ट्रा वाइडबँड.
- चरणारी जनावरे : गळ्यातील पट्ट्यात ठरावीक वेळानेच चालू होणारा जीपीएस. जागा सतत बदलत असल्याने वहीतील नोंद येथे कामाची नाही.
- शेकडो नोडचे मोठे जाळे : काही अँकर पक्के मोजून बाकीच्यांची जागा सिग्नल किंवा टप्प्यांवरून. आलेल्या जागांपैकी काही टेपने तपासून घ्याव्यात.

सिग्नलच्या ताकदीचा शेतकऱ्यासाठी खरा उपयोग

अंतर काढण्यासाठी कच्ची असलेली ही पद्धत राखणदार म्हणून मात्र चांगली आहे. बहुतेक प्रणालींत प्रत्येक नोडच्या सिग्नलची ताकद दिसते किंवा पुरवठादाराकडून मिळू शकते. पालवी वाढत जाते तशी ताकद आठवड्यांगणिक हळूहळू बदलते. एका दिवसात ती अचानक बदलली आणि तशीच राहिली, तर नोड हलला आहे, आडवा पडला आहे किंवा अँटेना सैल झाली आहे असे समजून जागेवर जाऊन पाहावे. एकाच दिवशी एका नोडची ताकद वाढली आणि दुसऱ्याची तेवढीच घटली, तर दोघांची अदलाबदल झाली असण्याची शक्यता मोठी असते. आमच्या त्या बागेतील जुने आकडे नंतर काढून पाहिले, तेव्हा नोड परत बसवलेल्या दिवशीच असा बदल झालेला दिसला. तो पाहिला असता तर पुढील नुकसान टळले असते.

बसवताना ठेवावयाची नोंद

प्रत्येक नोडसाठी वहीत एक पान ठेवावे आणि त्याचा मोबाईलवर फोटो काढून ठेवावा.

- नोडचा क्रमांक. हाच क्रमांक डब्यावर आणि शेजारच्या खांबावर न पुसणाऱ्या रंगाने लिहावा.
- व्हॉल्व्ह, ओळ आणि वेल किंवा झाड क्रमांक.
- अक्षांश-रेखांश, दशांशाच्या किमान पाच अंकांसह.
- सेन्सरची खोली, तसेच ड्रीपर आणि खोडापासूनचे अंतर.
- जमिनीचा प्रकार.
- बसवल्याची तारीख आणि त्या दिवशीची सिग्नलची ताकद.

दोन भागांतील डब्यांना वेगवेगळ्या रंगाची पट्टी लावावी. मजुरांना क्रमांकापेक्षा रंग लवकर लक्षात राहतो.

जागा तपासण्याच्या तीन सोप्या चाचण्या

छाटणी, बोद बांधणी, आंतरमशागत किंवा बॅटरी बदलल्यानंतर या चाचण्या कराव्यात.

१. बंद करून पाहणे : एका नोडची बॅटरी काढावी आणि ॲपमध्ये कोणत्या नावासमोरील माहिती थांबते ते पाहावे. नोड किती वेळाने माहिती पाठवतो ते लक्षात घेऊन तेवढे थांबावे.

२. बादली चाचणी : सेन्सर पुरलेल्या जागी दोन बादल्या पाणी हळूहळू ओतावे. काही वेळाने त्याच नावाचा ओलावा वाढला पाहिजे. दुसऱ्याच नावाचा वाढला तर अदलाबदल झाली आहे. कोणाचाच वाढला नाही तर सेन्सर आणि मातीमध्ये पोकळी आहे का ते पाहावे.

३. मूठ चाचणी : सेन्सरच्या खोलीवरची माती काढून मुठीत दाबावी. हाताला लागणारी ओल आणि मोबाईलवरील आकडा यांचा मेळ बसला पाहिजे. त्या जमिनीत न टिकणारा आकडा दिसत असेल, तर पाण्याचे वेळापत्रक बदलण्याआधी नोडची जागा तपासावी.

तिन्ही चाचण्यांना मिळून फार तर अर्धा दिवस लागतो. कृषी सहायक आणि विस्तार कार्यकर्त्यांनी बागेला भेट दिल्यावर ॲपमधील आलेख पाहण्यापूर्वी शेतकऱ्यासोबत प्रत्येक नोडपर्यंत चालत जावे, डब्यावरील क्रमांक वाचावा आणि वहीशी ताडून पाहावा. त्यानंतरच पाण्याचा सल्ला द्यावा.